काउंट एकाने कमी आहे, सर

पत्र आलंय ते थोडं कापून देते, नाव-गाव काढून:

"नमस्कार सिस्टर. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली, एका खाजगी हॉस्पिटलच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरात) साडेतीन वर्षं स्टाफ नर्स आहे. आमच्याकडे सर्जरीच्या सेफ्टी चेकलिस्टचा फॉर्म आहे पण सकाळी दिवसभराच्या ऑपरेशनांची लिस्ट लागली की सगळ्या फायलींत एकदमच टिक मारून ठेवतात, मी पण मारलंय. मागच्या आठवड्यात पोटाच्या एका केसला बंद करायच्या वेळी मॉप (रक्त टिपायचं गॉझचं कापड) एक कमी आला. मी सांगितलं तर सिनियर सर (ते व्हिजिटिंग आहेत) म्हणाले तुला मोजता येत नाही, पुढे चल. मी परत मोजले, ते टाके घालायला लागले, मी गप्प राहिले. दहा मिनिटांनी ड्रेपच्या (पेशंटवर घातलेल्या चादरीच्या) घडीत मॉप सापडला. सर 'बघितलंस?' एवढंच म्हणाले आणि गेले. त्या रात्री मला झोप आली नाही. आता एनएबीएचचं (हॉस्पिटलांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या संस्थेचं) असेसमेंट येतंय म्हणून मॅडमनी सांगितलंय की ओटीतलं सेफ्टी कल्चर सुधारायचं काम तू बघ. घरचे म्हणतात तू कशाला मध्ये पडतेस. मी काय करू, तक्रार करू, गप्प बसू की नोकरी बदलू?"

बाय, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना चहा थंड झाला. एकतीस वर्षं ओटीत काढली मी, त्यातली शेवटची अकरा इनचार्ज म्हणून, आणि 'मी गप्प राहिले' ही ओळ मला फार ओळखीची आहे. कशी ते पुढे सांगते.

आधी त्या दहा मिनिटांबद्दल. तू 'एक कमी आहे' म्हणालीस नं? मग तू गप्प कुठे होतीस. एकदा बोललीस, परत मोजलंस, आणि त्यानंतर तुझ्याकडे पुढचं वाक्यच नव्हतं. लोक उठसूट म्हणतात बोलायचं धाडस पाहिजे, अगो धाडस काय फ्रीजमध्ये ठेवलेलं असतं का लागेल तेव्हा काढायला, अंगात गाऊन, हातात ग्लव्ह्ज, समोर पंचवीस वर्षं सर्जरी केलेला माणूस, पोट उघडं, घड्याळात पावणेतीन आणि लिस्टीत अजून दोन केसेस. अशा वेळी आयत्या वेळी कोणालाच वाक्य सुचत नाही. ते आधी ठरलेलं लागतं, आणि ठरवताना सर पण तिथे बसलेले लागतात. माझं सगळं सांगणं ह्याच्याभोवतीच आहे, बाकी फॉर्म, ट्रेनिंग, भिंतीवरची पोस्टरं सगळं मग.

आणि त्यांचं ते 'बघितलंस?' मनाला लावून घेऊ नको. मॉप ड्रेपमध्ये सापडला म्हणून ते बरोबर ठरत नाहीत, टाके घालताना तो कुठे आहे हे त्यांना माहीत नव्हतं, तुलाही नव्हतं. पैसे लावले आणि लागले, एवढंच. पोटात निघाला असता तर?

मी ही नुसती भीती घालत नाही. २००३ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता, पेशंटच्या आत मॉप नाहीतर इन्स्ट्रुमेंट राहिलेल्या केसेसचा, त्यात इमर्जन्सी सर्जरीत असं राहण्याचा धोका नऊ पट निघाला, सर्जरी चालू असताना अचानक प्लॅन बदलला तर चौपट. पण मला कायम लक्षात राहिलेला आकडा वेगळाच आहे. आत काहीतरी राहिलेल्या ज्या केसेसमध्ये मोजणी केली होती त्यातल्या ८८ टक्के केसेसमध्ये कागदावर काउंट बरोबर लिहिलेला होता. मॉप आत आणि कागदावर 'करेक्ट'. कोणी मुद्दाम खोटं लिहिलं असं नाही म्हणत मी. मोजणारी घाईत असते, दोन मॉप एकमेकांना चिकटतात, आणि एकदा तोंडातून 'करेक्ट' गेलं की मागे घेणं जड जातं.

मला माहीत आहे, कारण ते माझ्या तोंडातून गेलंय.

१९९०च्या दशकातली गोष्ट, हॉस्पिटल कुठलं ते सोड. गणेश चवथीच्या आदल्या दिवशी, अर्धा स्टाफ रजेवर, जे होते त्यांचं लक्ष माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-पानांची आरास) बांधायची राहिलीय ह्याच्यात, आणि दुपारी इमर्जन्सी सिझेरियन आलं, खूप ब्लीडिंग. मी फ्लोअरला (बाहेरून सामान देणारी), स्क्रबला (सर्जनच्या हाताशी) एक नवी मुलगी. मॉपचे पाच-पाचचे तीन गठ्ठे उघडले, म्हणजे पंधरा, आणि बंद करायच्या वेळी मी मोजले तर चौदा. परत मोजले, चौदा. डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, काउंट? आणि मी म्हणाले करेक्ट. का म्हणाले? आधीच्या आठवड्यात त्यांनी सगळ्यांदेखत माझी अक्कल काढली होती म्हणून, मला घरी जायची घाई होती म्हणून, आणि मनात वाटलं की गडबडीत एक गठ्ठा चारचाच आला असेल म्हणून. गठ्ठा चारचा असेल असं स्वतःला पटवायला मला दोन सेकंद पुरली बघ.

आमच्याकडे ओटीत साफसफाईला एक बाई होती, पेडण्याकडची, शाळेत एक दिवस गेलेली नव्हती. ती बादलीशी बसून भिजलेले मॉप ओळीने मांडायची, कोणी सांगितलं नव्हतं, तिची पद्धतच तशी. ती मोठ्याने म्हणाली, बाय, हंगा नवच आसात, आनी ट्रॉलीर पांच (इथे नऊच आहेत, आणि ट्रॉलीवर पाच). सगळ्यांनी ऐकलं. डॉक्टर तिच्यावर ओरडले, पण डोक्याशी उभ्या असलेल्या अ‍ॅनेस्थेटिस्ट (भूल देणाऱ्या डॉक्टर) मॅडमनी शांतपणे सांगितलं की मी पेशंटला उठवत नाही, तुम्ही बघा. झालं. परत हात घातला, डावीकडे वर आतड्यांच्या मागे मॉप होता, रक्तात भिजून मुठीएवढा झालेला.

डॉक्टरांनी माफी बिफी मागितली नाही, त्या बाईला थँक्यू पण म्हणाले नाहीत, पिक्चर थोडाच होता तो. पण त्या दिवसापासून प्रत्येक केसला बंद करायच्या आधी ते मला विचारायचे, मग मान वळवून तिला विचारायचे, बाय, किती? ती आकडा सांगायची आणि मगच हात पुढे जायचा. सहा महिन्यांत सगळ्या सर्जनांकडे ती पद्धत पडली. ते सेफ्टी क्लायमेट म्हणतात नं, ते मी पहिल्यांदा तिथे बघितलं, तेव्हा हा शब्द पण आम्हाला माहीत नव्हता. क्लायमेट म्हणजे हवा. फाईलीत काय लिहिलंय ते सोड, ओटीतल्या सगळ्यात खालच्या माणसाच्या आवाजाने सुरी थांबते का, त्यावरून हवा कळते.

आता तुझा चेकलिस्ट. जागतिक आरोग्य संघटनेने तो २००८ मध्ये काढला, एकोणीस मुद्दे, तीन टप्पे: भूल देण्याआधी, कातडीला सुरी लावण्याआधी (ह्याला टाइम आउट म्हणतात), आणि पेशंट ओटीबाहेर जाण्याआधी. ज्यांनी त्याचं काम पुढे नेलं त्या डॉ. अतुल गावंडेंचे वडील मूळचे विदर्भातले, म्हणजे तसा आपल्या घरचाच कागद. आठ शहरांत आठ हॉस्पिटलांत करून बघितला, सिअ‍ॅटलपासून टांझानियातल्या इफाकारापर्यंत, दिल्ली पण त्यात होती, आणि २००९ च्या जानेवारीत आकडे छापून आले: सर्जरीनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, मोठी कॉम्प्लिकेशन्स ११ वरून ७ वर. सगळीकडे धूम झाली. मग कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात सगळ्या हॉस्पिटलांना तो सक्तीचा केला, आणि २०१४ मध्ये १०१ हॉस्पिटलांचा हिशोब आला तर मृत्यू ०.७१ वरून ०.६५, म्हणजे नाव घेण्यासारखा फरक नाही. कागद तोच, मुद्दे तेच. का झालं ह्यावर डॉक्टर लोक अजून भांडतात, पण ओटीत उभं राहिलेल्या कुठल्याही सिस्टरला विचार, ती सांगेल की वरून सक्ती आली की टिक वाढतात, तोंडं उघडतात असं नाही. तुमच्याकडे सकाळी साडेसातला दुपारच्या केसचा टाइम आउट 'झालेला' असतो. पेशंट अजून वॉर्डात उपाशीपोटी नर्सशी भांडतोय आणि फाईल म्हणते सगळ्यांनी मिळून त्याचं नाव आणि बाजू तपासली!

म्हणून माझी पहिली सूचना अगदी छोटी आहे. फॉर्म फाईलीतून काढ. एकच चेकलिस्ट मोठ्या अक्षरात लॅमिनेट करून भिंतीवर टेबलाच्या समोर लाव आणि तो मोठ्याने वाचायचा. फाईलीतल्या कागदावर टिक नंतर, वाचून झाल्यावर, वाचणाऱ्याच्याच हातची. पहिले आठ दिवस लोक हसतील, शाळेतल्या प्रार्थनेसारखं वाटतं म्हणतील, हसू दे. आणि वाचायचं कोणी ते रोज ठरलेलं असू दे, फ्लोअरची सिस्टर वाचेल. सर्जनने वाचायचं ठेवलंस तर ज्या दिवशी सर घाईत त्या दिवशी वाचन नाही, आणि घाईच्या दिवशीच तर ते लागतं.

त्या यादीत एक मुद्दा आहे ज्याला आपल्याकडे हमखास फाटा देतात, सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं. गोव्यात लोक म्हणतात ह्याची काय गरज, सगळे सगळ्यांना ओळखतात, कोणाचा चुलता कोणाचा मेहुणा ते पण माहीत असतं. खरंच ओळखतात का गो? खाजगी हॉस्पिटलात सर्जन व्हिजिटिंग, सकाळी मडगावला, दुपारी तुमच्याकडे, संध्याकाळी म्हापशाला. अ‍ॅनेस्थेटिस्ट ज्यांना फोन लागला ते. टेक्निशियन कारवारचा, महिन्यापूर्वी आलेला. स्क्रबला दुसऱ्या वॉर्डातून उचलून आणलेली मुलगी, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, डोळ्यांवरून ओळखायचं. 'ए सिस्टर' म्हणून हाक मारलेली मुलगी वेळेला तोंड उघडत नाही. सुरुवातीला जिने एकदा आपलं नाव स्वतःच्या आवाजात सांगितलंय तिचा गळा मोकळा झालेला असतो, पुढचं बोलणं सोपं जातं. लाज वाटत असेल तर भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर नावं लिहा आणि वाचून दाखवा, पण करा.

आता ते ठरलेलं वाक्य, त्याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

इंग्लंडमध्ये २००५ साली एक बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनला गेली, सदतीस वर्षांची, धडधाकट, दोन लहान मुलांची आई. भूल दिल्यावर श्वासाची नळी जाईना, मास्कने श्वास पण देता येईना. तीन अनुभवी डॉक्टर नळी घालायचा प्रयत्न करत राहिले, वेळ किती गेला त्याचं भान सुटलं. त्या खोलीतल्या नर्सेसना कळलं होतं काय करायला पाहिजे ते. एकीने गळ्याला छेद द्यायचा ट्रेकिओस्टोमीचा सेट आणून ठेवला आणि सांगितलं सेट आलाय. दुसरीने आयसीयूत बेड मागितला, येऊन सांगितलं, तर डॉक्टरांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने जाऊन बेड कॅन्सल केला. ती बाई पुढे वारली. तिचा नवरा पायलट, मार्टिन ब्रोमिली, त्याने कोणाला फाशी द्या म्हटलं नाही, पण विमानात आम्हाला हे शिकवतात तर तुमच्याकडे का नाही असं विचारत तो पुढे वर्षानुवर्षं फिरला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या सेट आणणाऱ्या नर्सपाशी अडकले. तिने सगळं बरोबर केलं. फक्त 'सेट आलाय' ही माहिती झाली, त्यात कोणाला थांबवायची ताकद नाही. 'एक कमी आहे' पण माहितीच आहे, बाय.

अमेरिकेत टीमस्टेप्स म्हणून सरकारी ट्रेनिंग आहे त्यात ह्याच्या पायऱ्या दिल्यात, मी आमच्या ओटीत त्या आपल्या भाषेत बसवल्या होत्या. पहिली: सर, मला काळजी वाटतेय, मॉप एक कमी आहे. ऐकलं नाही तर दुसरी: सर, बंद करणं मला ठीक वाटत नाही. तरी नाही तर तिसरी: सर, ही पेशंटच्या सेफ्टीची गोष्ट आहे, थांबूया. आणि खरी गंमत ह्या तिसऱ्या वाक्यात आहे, 'पेशंटच्या सेफ्टीची गोष्ट आहे' हे शब्द आले की सगळ्यांचे हात थांबायचे हे सगळ्यांनी, सरांनी पण, आधीच मान्य केलेलं असतं. मग ते तुझं उद्धट बोलणं राहत नाही, ठरलेली खूण होते. मी चोडण बेटावरची, आयुष्यभर रायबंदरची फेरीबोट पकडली. रॅम्पपाशी उभा असलेला पोरगा हात करेपर्यंत वर केबिनमधला माणूस बोट हलवत नाही. पोरगं विशीतलं, केबिनवाल्याचे केस पांढरे, पण तू कोण मला सांगणारा असं त्याने म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. रोज ठरवत बसत नाहीत ते, एकदाच ठरलंय.

आणि अ‍ॅनेस्थेटिस्टला आपल्या बाजूला घे. पेशंट उठवायचा की नाही हे त्यांच्या हातात आहे, सर्जनच्या बरोबरीने बोलू शकेल असं ओटीत दुसरं कोणी नसतं. काउंट जुळला नाही तर पेशंट टेबलवरून हलणार नाही, तिथेच सी-आर्म (ओटीतलं एक्स-रेचं मशीन) नाहीतर पोर्टेबल एक्स-रे, एवढं लेखी करून घे. मॉपमध्ये ती निळी दोरी एक्स-रेत दिसण्यासाठीच असते, पण बाहेरचे स्वस्त गॉझ कोणी खरेदीत घुसवलेत का तेही एकदा स्टोअरमध्ये जाऊन बघ, नसेल दोरी तर एक्स-रे काढून उपयोग शून्य.

सरांशी बोलायचं कसं? पहिलं म्हणजे ओटीत नाही आणि मिटिंगमध्ये तर मुळीच नाही. लिस्ट संपल्यावर चहाच्या वेळी, जमलं तर अ‍ॅनेस्थेटिस्टना बरोबर घेऊन, दोघीजणी. त्या दिवसाचा हिशोब मांडू नको. सांग की एनएबीएचसाठी काउंटचा नियम लिहायचाय, तुमच्याशिवाय होणार नाही, तुम्ही सांगा कमी आला तर आम्ही कुठले शब्द वापरायचे. हो, थोडं लोणी आहे ह्यात, असू दे. आपल्याकडे मेडिकल स्कूल १८४२ पासून आहे, 'दोतोर' म्हटलं की मान खाली घालायची सवय तेवढीच जुनी, ती एका चहात जाणार नाही. पण ज्या माणसाने नियम स्वतः सांगितला तो मोडायला त्यालाच जड जातं.

ऐकत नसतील तर कोर्टाची भाषा त्यांना बरोबर समजते. औरंगाबादच्या सरकारी इस्पितळात १९६३ मध्ये नसबंदीच्या ऑपरेशनला एका बाळंतिणीच्या पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली, ती केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, निकाल लागला १९९६ ला. कोर्टाने म्हटलं की पोटात टॉवेल निघाला हेच बोलकं आहे, निष्काळजीपणा वेगळा सिद्ध करत बसायची गरज नाही. तेहतीस वर्षं, बाय. सरांना हे धमकी म्हणून सांगू नको, सांग की सर, मी काउंट बोलते तो तुमच्यासाठी पण आहे.

सरांची बाजू पण मी बघते, नाहीतर म्हणशील सिस्टरचं सर्जनांशी जुनं वैर. एका दिवसात तीन हॉस्पिटलं करणारा माणूस दमलेला असतो आणि त्याला ते कळत नाही. २००० साली एक मोठा सर्वे छापून आला होता, त्यात दमल्याचा कामावर परिणाम होत नाही असं मानणारे सिनियर सर्जन ७० टक्के निघाले, पायलट २६ टक्के. त्यामुळे मॅडमना हे पण सांग की त्या सरांच्या लिस्टीत चौथी केस संध्याकाळी पाचनंतर ढकलू नका. ओरडणं माफ नाही, पण लिस्ट कोणी भरली ते पण विचारायला पाहिजे, आणि ते ओटीच्या बाहेर बसलेल्यांना विचारायला पाहिजे.

आता मॅडमचं काम. 'सेफ्टी कल्चर तू बघ' म्हणजे काय हे त्यांच्याकडून लेखी घे, नाहीतर असेसमेंट झाल्यावर काही बिनसलं की बोट तुझ्याकडे. एनएबीएचला चेकलिस्ट आणि इन्सिडंट रिपोर्टिंग (चुका-अपघातांची नोंद) दोन्ही लागतात, ते त्यांना हवंच आहे, मग तुला हवं ते त्याच्यातच बसव. मागच्या आठवड्यातला तो मॉप नियर मिस (थोडक्यात टळलेली चूक) म्हणून लिही. सरांचं नाव नको, तुझंही नको: केस कुठली, किती वाजता, किती कमी, कुठे सापडला, तोवर टाके चालू होते का. चार ओळी. आणि मॅडमना आधीच सांगून ठेव की रजिस्टर भरायला लागलं तर घाबरू नका. एमी एडमंडसन म्हणून एक बाई आहेत, त्यांनी १९९०च्या दशकात वॉर्डातल्या औषधांच्या चुका तपासल्या तर चांगल्या चालणाऱ्या टीम्सकडे चुका जास्त नोंदलेल्या निघाल्या, आणि नीट बघितल्यावर कळलं की तिथले लोक लपवत नव्हते. ज्या ओटीचं रजिस्टर वर्षभर कोरं आहे तिथे मी माझ्या माणसाचं साधं अपेंडिक्स पण काढू देणार नाही.

मॅडम सर्वे घ्यायला सांगतील, घे. पण तुमच्या ओटीत माणसं किती, अकरा-बारा? तिथे नाव न लिहिता दिलेला कागद पण हस्ताक्षरावरून ओळखला जातो, म्हणून फक्त खुणा करायचे प्रश्न, सगळ्यांना एकच पेन, डबा ओटीबाहेर. आणि सर्जनांचे कागद वेगळे मोज, नर्स-टेक्निशियनांचे वेगळे. २००६ मध्ये अमेरिकेत असंच मोजलं होतं, सर्जनांनी एकमेकांबरोबरच्या कामाला ८५ टक्के वेळा चांगलं म्हटलं, आणि नर्सेसनी सर्जनांबरोबरच्या कामाला फक्त ४८ टक्के वेळा. एकाच खोलीत उभे राहून! सगळ्यांची सरासरी काढली असतीस तर सगळं बरं दिसलं असतं. तुमचे दोन आकडे मॅडमच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेव, भाषण करावं लागणार नाही. एक मात्र कर, साफसफाईच्या मावशींना आणि वॉर्डबॉयला पण कागद दे, वाचता येत नसेल तर दुसऱ्या डिपार्टमेंटच्या कोणाकडून वाचून घे.

तक्रारीचं म्हणशील तर आता नको. पण तीन वाक्यं ठरल्यावर, सरांनी मान्य केल्यावर, तू तिसरं वाक्य बोललीस आणि तरी त्यांनी बंद केलं, तर त्याच दिवशी लेखी, मॅडमना आणि मेडिकल सुपरिंटेंडंटना, तारीख-वेळ घालून, एक कॉपी स्वतःकडे. तेव्हा मॅडम म्हणाल्या 'सर आपल्याला पेशंट आणतात, जरा सांभाळून घे', तर नोकरी बदल, खरंच बदल, गोव्यात ओटी सिस्टर मिळत नाहीत म्हणून सगळीकडे बोंब आहे, तुला सकाळी राजीनामा दिलास तर संध्याकाळी फोन येईल. सध्या मात्र राहा असं मी म्हणेन, कारण मोजायची सवय असलेली तू तिथे एकटी दिसतेस.

घरच्यांना काय सांगायचं? ते तुझ्या काळजीने बोलतात, वाद घालू नको. माझे हे पण असंच म्हणायचे, मग त्यांचं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि बाहेर आल्यावर गुंगीत पहिला प्रश्न, मोजले काय गो नीट?

सोमवारी सरांची लिस्ट असेल तर रविवारीच अ‍ॅनेस्थेटिस्टना फोन कर, चहाचं ठरव. आणि लॅमिनेशन करायला जाशील तेव्हा अक्षर एवढं मोठं ठेव की टेबलापासून चष्म्याशिवाय वाचता येईल, आम्ही पहिला केला होता तो कोणालाच दिसत नव्हता, दोनशे रुपये पाण्यात गेले.